औषधाला ऊन लागतं

घराला कुलूप लावून झालं की जिन्यात एक प्रश्न विचारायची पद्धत बहुतेक घरांत असते. इतरांकडे तो 'गॅस बंद केला का?' असा असतो. आमच्याकडे 'डबा घेतला का?' असा असतो. विचारणारा माझा नवरा. डबाही त्याचाच. घेणारी मी.

डबा म्हणजे आमच्या मुलीची जुनी कंपासपेटी. झाकणाच्या आतल्या बाजूला अजून तिनं चिकटवलेला सतराचा पाढा आहे. आत दोन तपकिरी काचेच्या अँप्युल, दोन सिरिंज, सुया, स्पिरिटचे बोळे आणि डॉक्टरांची चिठ्ठी. एका अँप्युलमध्ये औषध केवढं, तर एक मिलिलिटर. चहाचा छोटा चमचासुद्धा तेवढ्यात तळापुरताच ओला होईल. पण या एका मिलिलिटरसाठी गेली सहा वर्षं मी जेवढी धावपळ केली, तेवढी बाळंतपणातही केली नव्हती.

सगळं एका बनियनवरून झालं. दांडीवर वाळत घातलेला बनियन नवऱ्यानं झटकला नाही, तसाच अंगात घातला. आत गांधीलमाशी होती. नवरा सहा फूट, ब्याऐंशी किलो. माशी इंचभर. पहिली दोन मिनिटं त्यानं शूरपणे 'काही नाही, काही नाही' केलं. मग तळहात खाजायला लागले, मग अंगभर गांधी उठल्या (गांधीलमाशीचं नाव असं सार्थ झालेलं मी पहिल्यांदाच पाहत होते), ओठ वड्यासारखे फुगले आणि आवाज बसला. सासूबाई आमसुलाचं पाणी घेऊन आल्या. पित्त उठलंय, घोंगडीवर लोळायला लावा, असं त्यांचं मत पडलं आणि माळ्यावरून घोंगडी काढायला त्या स्टूल शोधू लागल्या. तेवढ्यात नवरा 'मला चक्कर येतेय' म्हणून मोरीच्या उंबऱ्यावर बसला. त्या घरात इतक्या हळू आवाजात कुणी बोलल्याचं मला आठवत नाही. शेजारच्यांनी रिक्षा थांबवली. दवाखान्यात मांडीत एक इंजेक्शन दिलं, झोपवून पाय वर केले आणि काही मिनिटांत नवऱ्यानं डोळे उघडून विचारलं, "रिक्षावाल्याला किती दिले?" माणूस परत आला, याची मला खात्री पटली.

ते इंजेक्शन अ‍ॅड्रिनॅलिनचं. डॉक्टर म्हणाले, पुढच्या वेळी माशी दवाखाना जवळ बघून चावेल असं नाही, तेव्हा हे कायम जवळ ठेवायचं. अ‍ॅलर्जीची साधी गोळी अशा वेळी पुरत नाही, ती खाज थांबवते, बसलेला गळा उघडत नाही. मांडीच्या बाहेरच्या बाजूला टोचायचं, मग तसंच दवाखाना गाठायचा, कारण औषधाचा जोर थोड्या वेळात ओसरतो आणि दुखणं कधीकधी दुसऱ्यांदा उसळतं. मी वहीत सगळं लिहून घेतलं. शेवटी ते म्हणाले, "आणि पंचवीस अंशांच्या आत ठेवा. उजेड लागू द्यायचा नाही. आणि गोठूही द्यायचं नाही."

एप्रिलचा शेवट होता. बाहेर 39 होतं. मी विचारलं, "डॉक्टर, पंचवीस म्हणजे नक्की कुठे?"

त्यांनी भिंतीवरच्या एसीकडे बोट दाखवलं. "इथे."

घरी आल्यावर पहिली तालीम झाली ती मोसंबीवर. इंजेक्शनचा सराव संत्र्यावर करतात, पण मे महिन्याच्या तोंडावर धड संत्री कुठून आणणार? अँप्युलची मान मोडायची, सुईनं ओढायचं, हवा काढायची आणि टोचायचं. सरावाला अर्थातच साधं पाणी. पहिल्या मोसंबीला मी इतक्या हळुवारपणे टोचलं की सुई सालीतच अडकली. दुसरीला आरपार. नवरा सोफ्यावर बसून पाहत होता. तो मांडीवर उशी ओढून घेत म्हणाला, "घाई नाही. अजून अर्धा डझन आण." आठवड्यात माझा हात इतका बसला की भाजीवाल्यानंच विचारलं, घरात कुणी आजारी आहे का. म्हटलं, अजून नाही.

टोचायला आठवडा लागला. साठवायला सहा वर्षं गेली, तरी शिकणं चालूच आहे.

माझ्या भाचीची मुलगी अमेरिकेत, टेक्ससला असते. तिला शेंगदाण्याची अ‍ॅलर्जी आहे. मराठी घरात दाण्याचं कूट बंद होणं म्हणजे काय, ते तिच्या आजीला विचारा, ती खिचडी शब्द ऐकला तरी डोळ्यांना पदर लावते. तिकडे हेच औषध पेनाच्या आकारात मिळतं. टोपी काढायची, मांडीवर दाबायचं, आतली स्प्रिंग सुई आपोआप सोडते. 1987 पासून आहे म्हणे. आपल्याकडे तो पेन कोपऱ्यावरच्या दुकानात मागितला तर शाईचा देतील, म्हणून आपण अँप्युलवाले. मला पेनाचा हेवा वाटायचा. मग भाचीनं त्याच्या कागदावरची सूचना वाचून दाखवली आणि हेवा गेला. 20 ते 25 अंशांत ठेवा. प्रवासात 15 ते 30 पर्यंत चालेल. फ्रीजमध्ये ठेवू नका. गाडीत ठेवू नका. उजेडात ठेवू नका. टेक्ससच्या उन्हाळ्यात तीही आमच्यासारखीच पर्स पोटाशी धरून फिरते. ऐकून बरं वाटलं. दुसऱ्याच्या घरीही मिक्सर बिघडलाय हे कळल्यावर वाटतं तसं.

या 20 ते 25 ला तिकडे 'खोलीचं तापमान' म्हणतात. म्हणजे औषध ठेवण्यापुरतं तरी खोली म्हटल्यावर तिनं या आकड्यांत राहायचं. अमेरिकेच्या औषधकोशात तर तापमानांना नावंच दिलेली आहेत. 30 ते 40 म्हणजे 'गरम'. 40 च्या वर म्हणजे 'अति उष्णता', पुढे वर्गवारी नाही. बहुधा त्यापुढे कुणी राहत असेल ही शक्यताच त्यांच्या मनात आली नसावी. अकोल्याच्या माणसाला हा तक्ता दाखवला तर तो विचारेल, हे हिवाळ्याचं झालं, उन्हाळ्याचं पान कुठे आहे?

मला सर्वांत राग कशाचा येतो सांगू? हेच औषध आपलं शरीर स्वतः बनवतं. मूत्रपिंडांच्या डोक्यावर दोन टोप्यांसारख्या ग्रंथी असतात, तिथे. जोकिची ताकामिने नावाच्या जपानी रसायनशास्त्रज्ञानं न्यूयॉर्कमध्ये बसून जनावरांच्या ग्रंथींतून ते शुद्ध रूपात वेगळं काढलं, 1901 साली. कुत्रं मागे लागलं की, बॉसचा फोन आला की, दहावीचा निकाल लागायच्या सकाळी, आपल्या अंगात हेच सळसळतं. आणि अंगात तापमान किती? सदतीस! आत सदतीस अंशांत मजेत वावरणाऱ्या या गृहस्थांना बाटलीत घातलं की पंचविसाच्या वर जीव घाबरा होतो. मी डॉक्टरांना हे अगदी भांडणाच्या सुरात विचारलं. ते हसले. म्हणाले, शरीर ते वर्षभर साठवून ठेवत नाही हो. लागलं की सोडतं, आणि रक्तात आलेलं काही मिनिटांत मोडून टाकतं. आपल्याला ते वर्षभर टिकवायचंय. म्हणजे शरीराची ताजी भाजी आणि आपलं लोणचं. लोणच्याला बरणी, बुरशी, ओला चमचा सगळं बघावं लागणारच.

लोणचं बिघडलेलं वासानं तरी कळतं. हे औषध बिघडलं की रंग बदलतं. पाण्यासारखं नितळ असतं, हवेशी आणि उष्णतेशी फार सलगी झाली की गुलाबी होतं, मग तपकिरी. म्हणून अधूनमधून रंग बघायचा. पण उजेड लागू नये म्हणून अँप्युल तपकिरी काचेची. आता तपकिरी काचेतून गुलाबी कसं ओळखणार? खिडकीशी जाऊन उजेडावर धरायची. म्हणजे ज्याला उजेड दाखवायचा नाही, त्याला उजेड लागलाय का हे उजेडात धरून बघायचं. दर महिन्याच्या एक तारखेला मी हा विधी करते. समोरच्या इमारतीतल्या बाई पूर्वी मला चष्म्याचा नंबर वाढलाय असं समजत. आता त्यांनी काहीतरी वेगळंच ठरवलं असावं, कारण हल्ली हसत नाहीत.

बाहेर न्यायचं म्हटलं की खरी गंमत सुरू होते. डबा घरी कपाटात राहिला तर औषध सुखरूप, पण माशी चावणार डोंगरावर. डबा डोंगरावर नेला तर नवरा सुखरूप, पण औषधाचा काढा. दोघांना एकाच वेळी सुखरूप ठेवणं म्हणजे सासू आणि आई एकाच वेळी घरी राहायला येणं.

पहिल्या वर्षी आम्ही अक्कलकोटला गेलो. डबा गाडीच्या पुढच्या कप्प्यात ठेवला, सापडायला सोपा म्हणून. दर्शनाची रांग दोन तासांची होती. परत आलो तर स्टिअरिंगला हात लावता येईना. बाहेर 40 असलं की बंद गाडीत आत पन्नाशी केव्हाच ओलांडलेली असते. कप्पा उघडला तर डब्याच्या प्लास्टिकला इस्त्रीचा वास येत होता. सतराचा पाढा एका बाजूनं सुटून वळला होता. त्या दोन्ही अँप्युल बाद. नवरा म्हणाला, दिसायला तर पांढरंस्वच्छ आहे. म्हटलं, तुझ्यावरच वापरायचंय, तू ठरव. तो गप्प बसला.

मग खिसा करून बघितला. नवऱ्याची विजारीच्या खिशाची कल्पना तशी वाईट नव्हती, डबा माणसाबरोबर राहतो. पण उन्हात चालणाऱ्या माणसाची मांडी ही काही थंड जागा नव्हे. शिवाय तो खिशात किल्ल्या, सुटे पैसे, गेल्या वर्षीचं पार्किंगचं तिकीट आणि एक लवंग घेऊन फिरतो. काचेच्या अँप्युलला ती संगत बरी नाही.

दुसऱ्या वर्षी कोकण. गुहागरला जाताना मी आईस्क्रीमवाल्याकडे असतो तसला थर्माकोलचा डबा घेतला, तळाशी बर्फ, वर आमचा डबा. वाटेत थांबून मुलीनं त्यात कोकम सरबताच्या बाटल्या घातल्या, नवऱ्यानं ताकाच्या. चिपळूणला उघडलं तेव्हा बर्फाचं पाणी झालं होतं आणि कंपासपेटी त्यात पडावासारखी तरंगत होती. सिरिंजची पाकिटं भिजून लगदा. अँप्युल एका कोपऱ्यात शेवटच्या बर्फाच्या तुकड्याला बिलगून बसलेली, आणि ती मध्येच गोठून परत वितळली की नाही, हे सांगायला साक्षीदार फक्त ताक.

तेव्हा मला छागल आठवली. आमच्या आजोबांकडे होती. कॅनव्हासची पाण्याची पिशवी, बैलगाडीच्या बाजूला टांगायचे. कापडातून पाणी झिरपतं, वाऱ्यावर उडून जातं आणि जाताना आतल्या पाण्याची उष्णता घेऊन जातं. माठाचं तेच. विलायतेत इन्शुलिन नेण्यासाठी ओल्या करून वापरायच्या थैल्या मिळतात, त्यांचंही गुपित तेवढंच. आपल्याकडे ते परसात, तिवईवर, वाळूच्या ढिगात बसलेलं असतं, फक्त पेटंट घ्यायचं राहून गेलं.

मी लगेच हातरुमाल ओला करून डब्याला गुंडाळला आणि गुहागरच्या खोलीत खिडकीत ठेवला. सकाळी ठेवलेला रुमाल दुपारी ओला. संध्याकाळी ओला. दुसऱ्या दिवशीही ओला, आणि वर वास. पाणी उडायला हवेत जागा तर हवी! तिथल्या हवेनं आधीच पोटभर पाणी प्यायलं होतं. मी मासे पाळणाऱ्यांच्या दुकानातून एक वायरवाला थर्मामीटर घेतला होता, तो सांगत होता खोलीत 34, रुमालात 31. तीन अंशांसाठी मी चाळीस वर्षांचं माठावरचं प्रेम पणाला लावलं होतं.

यंदा नणंदेनं चंद्रपूरला बोलावलं. मे महिन्यात. ताडोबा मे महिन्यातच बघायचं असतं, पाणवठे आटतात आणि वाघ उरलेल्या पाण्यावर येतो, असं तिचं म्हणणं. माझ्या डोळ्यांपुढे वाघ आला नाही, थर्मामीटर आला. आमच्या ओळखीत ज्यांना ज्यांना सांगितलं, त्यांनी आधी हात जोडले. चंद्रपूर, मे, आणि पंचविसात राहणारं औषध!

रेल्वेत मात्र औषधानं सुख भोगलं. एसीचा डबा, 23 अंश. आम्ही तिघं चादरी लपेटून कुडकुडत होतो. डब्यातला डबा तेवढा हसतमुख होता. स्टेशनवर उतरलो आणि भट्टीचं दार कुणीतरी तोंडावर उघडलं. नणंदेचे यजमान घ्यायला आले होते. माझ्या हातातली ओल्या फडक्यातली पिशवी बघून म्हणाले, "वहिनी, मासे आणले का जी?"

त्यांच्या घरात कूलर आहे. विदर्भात कूलर हे यंत्र नसून सिंहासन आहे, त्याच्या समोरची जागा वयानं, मानानं आणि भांडणानं ठरते. त्या घरात ती जागा पंचवीस वर्षं भावजींची. मी स्टुलावर डबा ठेवून बघितला, थर्मामीटरनं 26 दाखवलं. त्यांनी आकडा बघितला, डब्याकडे बघितलं, साल्याकडे बघितलं आणि उशी उचलून पलीकडच्या खोलीत गेले. पाहुण्याचा मान आम्ही खूप ठिकाणी घेतला आहे. पण एका कंपासपेटीला कर्ता पुरुष कूलर सोडून देतो, हा आदर फक्त चंद्रपुरात.

रात्री नणंदेनं मायेपोटी डबा उचलून फ्रीजच्या बर्फाच्या कप्प्यात ठेवला. पहाटे चार वाजता मी पाणी प्यायला उठले म्हणून कळलं. दोन्ही अँप्युल वाटाण्यांच्या पिशवीशेजारी. "अगं, थंड जागी ठेवा असं तूच म्हणालीस ना?" म्हटलं, ताई, थंड म्हणजे एवढी थंड नाही. "मग किती थंड?" या प्रश्नाला सहा वर्षांत मला एका वाक्यात उत्तर देता आलेलं नाही. सुदैवानं आणखी दोन अँप्युल मी वेगळ्या, तिच्या माठाखालच्या ओल्या वाळूत, प्लास्टिकच्या डबीत पुरून ठेवल्या होत्या. आमच्या घरी यावरून मला 'सोनं पुरणारी' म्हणतात.

सफारी दुपारची मिळाली. तीन वाजता. अंगणात सावलीत 44. मी आईच्या जुन्या खणाची एक पिशवी शिवून नेली होती, आत ताडपत्रीचा तुकडा, त्यात डबा, डब्यात वायर. पिशवी भिजवली, निथळली आणि व्हरांड्यात खिळ्याला टांगली. सहज म्हणून दहा मिनिटांनी आकडा बघितला. 31. म्हटलं ठीक. वीस मिनिटांनी 27. मी चष्मा पुसला. अर्ध्या तासानं 25. आतून मी नणंदेला, मुलीला, भावजींना ओढून आणलं. 44 अंशांत लटकलेली खणाची पिशवी 25 दाखवत होती! भावजींनी थर्मामीटर झटकून बघितला. नवऱ्यानं पिशवीला गाल लावला आणि डोळे मिटले.

मग डोक्यात उजेड पडला. तिथली हवा इतकी कोरडी की ओल्या फडक्यावर तुटून पडते. 44 अंश आणि हवेत दमटपणा पंधरा टक्के असेल, तर नीट वारा लागणारं ओलं फडकं 23 पर्यंत उतरू शकतं. गुहागरला 34 अंश आणि पाऊणशे टक्के दमटपणा, तिथे ते फडकं तिशीच्या खाली जाणारच नाही, तुम्ही कितीही श्लोक म्हणा. म्हणजे माणसांनी मे महिन्यात कोकणात जावं आणि औषधानं विदर्भात! कूलर नागपुरात राजा आणि मुंबईत नुसता पंखा का, हेही मला पन्नाशीत कळलं. शाळेत मी बाष्पीभवन शिकवते. चोवीस वर्षं शिकवते.

ताडोबाच्या मोहर्ली दारावर फोन बंद करायला लावले. वनखात्याच्या मुलानं पिशवीकडे बघून विचारलं, "खायचं आहे काय?" मी डॉक्टरांची चिठ्ठी दाखवली. त्यानं ती संपूर्ण वाचली, मग नवऱ्याकडे आपादमस्तक पाहिलं. "एवढ्याशा माशीनं?" नवऱ्यानं पोट आत घेतलं.

उघड्या जिप्सीत चौघं. पिशवी मी माझ्या सावलीत, सीटच्या दांडीला टांगली, वारा लागेल पण ऊन लागणार नाही अशी. जिप्सी धावायला लागली की आकडा उतरायचा, थांबली की चढायचा. 26, 25, 27. पिण्याच्या बाटलीतलं घोटभर पाणी मी अधूनमधून पिशवीवर ओतत होते. मुलगी म्हणाली, "आई, मलाही तहान लागलीय." म्हटलं, तू सदतीस अंशांपर्यंत चालतेस. गाईड डावीकडे मोर दाखवत होता, उजवीकडे चितळ दाखवत होता, एक अस्वल लांबून गेलं म्हणे. मी आकडा बघत होते. जवळचं मोठं रुग्णालय चंद्रपुरात, तिथून तासाभराचा रस्ता. दोन अँप्युल. दोन सिरिंज. मान मोडायची, ओढायचं, हवा काढायची. मोसंबी.

एका पाणवठ्यापाशी जिप्सी थांबली. टाकीतलं पाणी सोडून भरलेलं तळं, कडेला चिखल, पलीकडे वाळलेला बांबू. गाईडनं तोंडावर बोट ठेवलं. सगळं स्तब्ध. आणि त्या स्तब्धतेत एक बारीक घरघर ऐकू आली. नवऱ्याला ती माझ्याआधी ऐकू आली, कारण त्याचा गुडघा माझ्या गुडघ्यावर आपटला.

गांधीलमाशी. पिवळी, लांब पाय लोंबकळत सोडलेली. तिनं एकदा जिप्सीला फेरी मारली आणि सरळ येऊन पिशवीवर बसली. ओल्या खणावर. तोंड खाली घालून पाणी प्यायला लागली. उन्हाळ्यात ही मंडळी पाण्यावर येतात ती नुसत्या तहानेनं नाही. पाणी नेऊन घरात शिंपडतात आणि पंखांनी वारा घालतात, आतली पिल्लं तापू नयेत म्हणून. मधमाश्यांचंही तेच. म्हणजे माझी छागल जे करत होती, तेच ही बाई तिच्या घरी करत होती, आणि त्यासाठी लागणारं पाणी तिच्याच विषावरच्या उताऱ्याच्या पिशवीतून नेत होती. आत औषध, वर माशी, आणि त्या दोघांपासून वीतभर अंतरावर नवऱ्याची मांडी.

"हलू नका जी," गाईड ओठ न हलवता म्हणाला. "कोणीच हलू नका."

आम्ही हललो नाही. ड्रायव्हर मान वळवून तसाच थिजला. ताडोबात एक गोष्ट सगळ्यांना माहीत असते, एखादी जिप्सी अशी श्वास रोखून उभी राहिली की तिथे वाघ आहे. वळणावरून दुसरी जिप्सी आली, इंजिन बंद करून आमच्या मागे लागली. मग तिसरी. मग दोन समोरून. पाच मिनिटांत तिथे सहा गाड्या, चोवीस-पंचवीस माणसं, दुर्बिणी, मुंडाशी, आणि शेजारच्या गाडीत हाताएवढी लेन्स लावलेला एक गृहस्थ. सगळे आमच्या नजरेच्या दिशेनं बघायला लागले. पण आमची नजर बांबूत नव्हती.

"कुठं हाय?" शेजारच्या गाईडनं कुजबुजून विचारलं.

आमच्या गाईडनं अगदी सावकाश, हात न उचलता, एक बोट खाली वळवलं. "पिशवीवर."

त्या लेन्सवाल्यानं आधी पिशवीकडे पाहिलं, मग माझ्याकडे, मग लांबचा प्रवास करून आलेला माणूस करतो तसा विचार केला आणि लेन्स वळवून तीन फोटो काढले. माशी खणाच्या काठावरून बुट्टीवर आली, तिथे थांबली, पुन्हा प्यायली. माझा उजवा हात पिशवीच्या नाडीशी होता. थर्मामीटरची काच माझ्या बाजूला होती.

नवऱ्यानं समोर बघत, ओठ मिटलेले ठेवून, घशातल्या घशात विचारलं, "किती आहे?"

मी डोळे खाली वळवले.

"चोवीस पॉइंट सहा."